चेलोचा खोकला

साल एकोणीसशे एकोणनव्वद. "आमच्या घरात आठ तयार कान आहेत," असं मामंजी तेव्हा आल्यागेल्याला सांगत. घरात माणसं आम्ही सहा. उरलेले चार कान कुणाचे, हे कुणाला विचारावं लागत नसे. दोन माझे, दोन धाकटीचे.

माझं एक वेळ ठीक होतं. मी शिंप्याच्या घरातून आलेली. सुरातलं मला कळतं असा दावा मी कधी केला नाही, त्यामुळे मुद्दाम माझा अपमान करायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. धाकटी जाऊ मात्र लग्नाआधी आठ वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. नुसत्या "हॅलो"वरून समोरचा खरं बोलतोय की खोटं, उभा आहे की लोळतोय, हे ती सांगायची. आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, तिला 'तारा जोडणारी' म्हणत. म्हणताना ओठ असे दुमडत, की जणू आमच्या घरातल्या पुरुषांचं पोट तारांवर नव्हे, हिऱ्यांवर चालत होतं. मामंजी व्हायोलिन वाजवत, आमचे हे व्हायोलिन वाजवत, भावजी चेलो. मोठ्या स्टुडिओत तिघांच्या तीन खुर्च्या होत्या, आणि त्यांतली चेलोची खुर्ची चौदा महिने रिकामी होती.

भावजींच्या डाव्या हाताचं दुखणं झालं होतं. कोपरातली शीर दबली, ऑपरेशन झालं, आणि शेवटची दोन बोटं तळहाताकडे वळली ती वळलीच. त्या हाताने चहाचा कप धरता येई, तार दाबता येत नसे. स्टुडिओने बाहेरचा चेलोवाला आणून दिवस काढले. मग एका सिनेमाच्या पार्श्वसंगीतात अडीच मिनिटांचा एकटा चेलो आला, आणि मामंजींनी कुणालाही न विचारता कळवून टाकलं की चेलो नेहमीसारखा आमच्या घरातून येईल. रेकॉर्डिंग मंगळवारी. कसा येईल हे त्यांनी कळवलं नाही, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरात दोन उत्तरं तयार होती. पहिलं उत्तर आमचे हे. ज्याला व्हायोलिन येतं त्याला चेलो काय अवघड, आडवं धरायचं ते उभं धरायचं, असं यांचं मत. दोन आठवडे रोज सकाळी हे भावजींचा चेलो गुडघ्यांत धरून बसत, आणि समोरच्या इमारतीतली बाई रोज सकाळी खिडकी लावून घेई.

दुसरं उत्तर धाकटीचं यंत्र.

ते भावजींनीच एका मोडलेल्या बँडकडून आणलं होतं, तेव्हाही जुनंच. काळी लांबट पेटी, पियानोसारख्या पट्ट्या, डावीकडे दोन चाकं, पायाखाली एक पेडल, आणि दोन ओळींचा एवढासा पडदा. त्यावर आवाजाचं नाव आणि आकडे, एवढंच दिसे. आत्याबाई त्याला इस्त्रीचं टेबल म्हणत. कारखान्यातून येतानाच त्यात 'चेलो' नावाचा एक आवाज होता. तो ऐकून भावजी म्हणाले होते, "हा चेलो नाही, चेलोचा पासपोर्टवरचा फोटो आहे." आणि ते उठून गॅलरीत गेले होते.

मामंजींनी ठरवलं, रविवारी चार वाजता संगीताच्या खोलीत दोन्ही उत्तरं ऐकायची. यंत्र नापास झालं, तर सोमवारी ते वाद्यांच्या दुकानात विकून टाकायचं आणि भावजींनी मित्राच्या प्लायवूडच्या दुकानात, दुसऱ्या गावी, काउंटरवर बसायला जायचं. मित्राचं पत्र येऊन पडलं होतं. भावजींनी ते घडी घालून राळेच्या डबीखाली ठेवलं होतं. रोज ती डबी उचलून बोच्या, म्हणजे गजाच्या, केसांना राळ लावायची, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. आता ते डबी उचलत, पत्र बघत आणि डबी परत ठेवत.

पाच महिने धाकटी त्या आकड्यांत बसली होती. स्वयंपाकघर आणि ती खोली यांत एकच भिंत, त्यामुळे मी सगळं ऐकलं. त्या यंत्रात आवाजाच्या चार लहरी होत्या. एक लहर दुसरीला ढवळायची, आणि किती ढवळायची, कधी थांबायची, हे शून्य ते नव्व्याण्णव अशा आकड्यांनी सांगायचं. भावजी खुर्चीत डोळे मिटून बसत आणि नाही म्हणत. चार महिने त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही.

"नाही. आधी सूर येत नाही गं. बो तारेला टेकला की आधी खर्र होतं. केसांनी तार पकडायला हवी ना."

मग ती एका लहरीला नुसतं खरवडायच्या कामाला लावी, आणि ते खरवडणं पापणी लवायच्या आत मरेल असा आकडा शोधी. ते जमलं की भावजी म्हणत, नाही, हळू वाजवलं तर इतकं खरखरत नाही. मग पट्टी जोरात दाबली तर जास्त आणि हलकी दाबली तर कमी, असं करायचं. ते जमलं की, नाही, जोरात वाजवलं म्हणजे नुसता मोठा होत नाही चेलो, उजळ होतो. खालच्या तारेवर नाही होत, तिथे जाड होतो. मग सूर थरथरण्याचं आलं. यंत्राचा चेलो पहिल्या क्षणापासून थरथरायचा, थंडीत उघड्यावर उभा केल्यासारखा. भावजी म्हणाले, बोट आधी जागेवर बसतं, मगच हलतं, आणि दर वेळी सारखं हलत नाही. धाकटीने थोड्या उशिराने थरथरण्याचा आकडा शोधला. तो घड्याळासारखा वाटला. शेवटी तिने ते थरथरणं आकड्यांतून काढूनच टाकलं आणि डाव्या हाताने चाक फिरवून स्वतः करायला शिकली. उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर, डावा हात चाकावर, पाय पेडलवर. दोन पट्ट्या एकदम कधी नाहीत. सूर सोडून दुसऱ्यावर जायचं तर चेलोवाल्याचं बोट जितकं घसरेल तितकंच घसरायचं.

पाचव्या महिन्यात एके सकाळी भिंतीपलीकडून बराच वेळ "नाही" आलं नाही. मी हातातलं काम टाकून आत डोकावले. भावजी आखडलेली दोन बोटं उजव्या हाताने चोळत होते आणि धाकटी खाली मान घालून पडदा पुसत होती. मी आल्या पावली परत फिरले.

आमच्या यांनी यातलं काही ऐकलं नाही. यंत्र सुरू झालं की हे मुद्दाम गच्चीवर जात. पाच महिन्यांत त्यातला एक सूर यांच्या कानी पडला नव्हता, आणि म्हणूनच त्याविषयी यांचं मत इतकं पक्कं होतं.

यंत्राची एक खोड होती. आतली बॅटरी म्हातारी झाली होती, बंद केलं की ते शिकवलेलं सगळं विसरायचं. म्हणून धाकटी काम संपलं की सगळं एका कॅसेटवर उतरवून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी कॅसेटवरून परत यंत्रात चढवी. एकदा जेवताना ती भावजींना म्हणाली, "काळजी नको, आवाज कॅसेटमध्ये आहे." हे मात्र यांनी बरोबर ऐकलं.

शनिवारी दुपारी धाकटी बाहेर गेली तेव्हा यांनी मला ती कॅसेट आणायला सांगितली. मी आणून दिली. का दिली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. अठरा वर्षं मागितलेलं आणून देत होते, तसंच तेही दिलं. हे चष्मा लावत नसत, चष्म्याने माणूस वयस्कर दिसतो म्हणून. कॅसेट लांब धरून यांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

"चेलो," मी म्हटलं.

दुसऱ्या बाजूवरही धाकटीच्या बारीक अक्षरात एक शब्द होता. तो यांनी विचारला नाही, आणि मी सांगितला नाही.

दार लावून यांनी ती कॅसेट ऐकली आणि बाहेर आले ते असे फुलून, की मला वाटलं चेलो जमला. काय ऐकलं ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की उद्या कानवाल्यांनाही बोलवावं.

कानवाले म्हणजे स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट. गळ्यात सदैव हेडफोन, म्हणून घरात त्यांचं हे नाव. हा माणूस कुणाच्या बाजूचा नव्हता, आणि कुठेही भांडण होणार असेल तर वेळेआधी येऊन चांगली खुर्ची धरायचा. बाहेरचा साक्षीदार हवा, हे यांचं गणित. घरातल्या घरात नापास झालेला माणूस पुन्हा उभा राहतो. कानवाल्यांसमोर झालेला संपतो.

रविवारी चार वाजता सगळे बसले. मामंजी खिडकीपाशी, पाठीला उशी. आत्याबाई त्यांच्या शेजारी. कानवाल्यांनी बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली.

आधी हे वाजवायला बसले. त्या अडीच मिनिटांचं वर्णन मी करत नाही, नवऱ्याची लाज थोडी राखावी. बो तारेवरून दोनदा घसरला. वरच्या सुरांपाशी चेलो व्हायोलिनसारखा होऊ बघत होता आणि खालच्या सुरांपाशी कपाट सरकवल्यासारखा. संपल्यावर मामंजी म्हणाले, "सराव पाहिजे." हे त्यांनी थोरल्याला इतक्या मायेने म्हटलं, की भावजींची मान खाली गेली. पुढे भावजी मला म्हणाले, "वहिनी, मला नानांनी सात वर्षांचा असतानासुद्धा असं कधी सोडलं नाही."

"मंगळवारपर्यंत होईल सराव," आत्याबाई म्हणाल्या. "रक्तात आहे म्हटल्यावर."

मग धाकटी यंत्रापाशी गेली. बटण दाबलं, ड्रॉवर उघडला, आणि तिचा हात ड्रॉवरमध्येच राहिला. तिने दुसरा ड्रॉवर पाहिला. मग टेबलाखाली, मग खिडकीत. भावजी उठले आणि तेही शोधायला लागले, एका चांगल्या आणि एका अर्ध्या हाताने. यंत्र चालू होऊन बसलं होतं, रिकामं, काल शिकवलेलं सगळं विसरून. पडद्यावर कारखान्यातलं नाव लुकलुकत होतं. धाकटीने मला नंतर सांगितलं, की तेव्हा तिच्या डोक्यात फक्त प्लायवूडचा वास होता.

मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी कानवाल्यांना चहा वाढला.

"काय शोधताय?" यांनी विचारलं. नाटकातल्या वकिलासारखे उठले आणि खिशातून कॅसेट काढली. "ही का? नाना, यंत्र कशाला हवं, हिचा चेलो यात आहे. हिनेच सांगितलंय. पाच महिन्यांची तपश्चर्या. आपण सगळ्यांनीच ऐकू या."

धाकटी "अहो दादा, थांबा," म्हणाली तोवर यांनी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून बटण दाबलं होतं.

आधी एक लांब शिट्टी आली. मग किंचाळी. पत्र्यावर खिळा ओढावा आणि त्याच वेळी हजार रातकिडे तव्यावर टाकावेत, तसं काहीतरी. आत्याबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मामंजींनी कप बशीवर आपटला. यांनी आवाज अजून वाढवला आणि हसू दाबत उभे राहिले.

"हा म्हणे चेलो," हे म्हणाले.

"मांजर तरी सुरात मरतं," आत्याबाई म्हणाल्या. "तारा जोडायच्या त्या टेलिफोनच्या. म्हणून म्हणत होते मी."

आठ तयार कान, आणि आठांनी मिळून एका मिनिटात निकाल दिला. आठ म्हणते ते चुकलं. भावजींचे दोन वजा करा. भावजी आश्चर्याने थोरल्या भावाकडे बघत होते. आपला भाऊ कॅसेट चोरेल याचा त्यांना धक्का बसला नव्हता. चोरलेली वस्तू काय आहे हे त्याला समजलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि त्यांना ते खरं वाटत नव्हतं. कानवाल्यांनाही कळलं होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पण त्यांनी एक बिस्किट चहात बुडवलं. तमाशा फुकट बघायला मिळत असताना मध्ये बोलेल तो माणूस कसला.

मामंजींनी हात वर करून टेप बंद करायला लावला. "थोरल्या, उद्या दुकानात फोन कर," ते म्हणाले. मग भावजींकडे न बघता, "आणि तूही मित्राला कळव."

धाकटी मात्र टेपरेकॉर्डरपाशी गेली.

"नाना, फोन उद्या आहे ना? मग आत्ता मला तीन मिनिटं द्या," ती म्हणाली. "दादांनी लावलं ते माणसांनी ऐकायचं नाहीच. ते यंत्राला ऐकवायचं असतं. मी पाच महिने जे आकडे बसवले ते आहेत त्यात. ते ऐकलं की त्याला आठवतं." मग यांच्याकडे वळून, एक्सचेंजमधल्या त्या सपाट आवाजात, "बरं झालं दादा, तुम्ही आणलीत. मी मघापासून हीच शोधत होते."

चोराने चोरीचा माल भर बैठकीत स्वतःच्या हाताने परत आणून द्यावा, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तो चोर माझा नवरा होता.

तिने टेपरेकॉर्डरमधून यंत्राला वायर जोडली. हो, तारच जोडली. कॅसेट मागे फिरवली आणि चालू केली. आता खोलीत काही ऐकू येत नव्हतं, फक्त कॅसेटची चाकं फिरताना दिसत होती. पडद्यावर एक अक्षर आलं आणि तिने कॅसेट थांबवली. यंत्राला नीट ऐकू आलं नव्हतं. यांनी वाढवून ठेवलेला आवाज तिने थोडा कमी केला, आणि पुन्हा पहिल्यापासून. आत्याबाईंनी मोठ्याने जांभई दिली. हे म्हणाले, आता इस्त्रीच्या टेबलालाही कान फुटले. कुणी हसलं नाही, कारण सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत होते, जणू डॉक्टर आतून बाहेर येणार आहे.

मग ती बसली. चपला काढून पाय पेडलवर ठेवला.

"थांब, आधी मी बघतो," यांनी म्हटलं आणि उभ्या उभ्या दोन्ही हातांनी पट्ट्या दाबल्या, दहा बोटं एकदम. बसचा हॉर्न वाजावा तसा आवाज झाला. "ऐकलंत?" हे म्हणाले.

"दादा," भावजी पहिल्यांदाच बोलले, "चेलोवर तू दहा सूर एकदम वाजवतोस का? मघाशी तर एकसुद्धा वाजत नव्हता."

कानवाल्यांना ठसका लागला. हे खुर्चीत जाऊन बसले.

धाकटीने वाजवायला सुरुवात केली.

मला सुरातलं कळत नाही, हे मी वर सांगितलंय. पण त्या खोलीत कुणीतरी बोच्या केसांना राळ लावून बसलंय, हे मला कळलं. सुरू होताना ती खर्र आली, आणि मग सूर. पहिल्या सुराने जागा घेतली आणि थोडा वेळ नुसता उभा राहिला, मगच हलला. पुढचा हलकेच घसरत आला. तिचा पाय पेडलवर इतका हळू दबत होता, की आवाज वाढतोय हे तो वाढून गेल्यावर कळत होतं. भावजींचा उजवा हात मांडीवर आपोआप मागेपुढे होत होता, बो धरल्यासारखा. डाव्या हाताची तीन चांगली बोटंही दाबली जात होती. ती वाजवत होती की ते, हे सांगता आलं नसतं.

मामंजींनी आधी तोंड खिडकीकडे केलं होतं. नापसंती दाखवायची त्यांची ती रीत. मग त्यांनी डोळे मिटले.

भावजींच्या चेलोत एक खोड होती. तिसऱ्या तारेवर एका सुरापाशी तो गुरगुरायचा, थरकायचा, अंगात वारं भरल्यासारखा. तसं पुष्कळ चेलोंत असतं म्हणतात. आमच्या घरात त्याला खोकला म्हणत. वीस वर्षं मामंजी त्यावरून भावजींना बोलत आले होते. तो सूर आला की दुसऱ्या खोलीतून, आंघोळीतून, कुठूनही त्यांची हाक यायची.

धाकटीचं बोट त्या सुरावर आलं. तिने पेडल किंचित सोडलं, डाव्या हाताने चाक झटकन वर ढकलून मागे घेतलं, आणि चेलो खोकला. हे कुठल्या आकड्यात नव्हतं, कॅसेटवर नव्हतं. ते तिच्या हातात होतं.

"गुडघ्याने दाब तिथे," मामंजी डोळे मिटूनच खेकसले. "किती वेळा सांगायचं तुला. बो हलका धर आणि गुडघ्याने दाब."

"हो, नाना," भावजी म्हणाले.

मामंजींनी डोळे उघडले. समोर यंत्रापाशी सून बसली होती, आणि मुलगा चार हात लांब, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. ते कधी तिच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत राहिले. धाकटी थांबली नव्हती. तिने ती अडीच मिनिटं पुरी केली, शेवटच्या सुराला बो उचलतात तसं सोडलं, आणि मगच हात मांडीवर घेतले.

"मंगळवारी दोघं जा," मामंजी म्हणाले. "हा शेजारी बसेल. आणि तो खोकला तेवढा..." इथे ते थांबले. "राहू दे. असू दे तो."

आत्याबाईंनी लगेच बाजू बदलली. आपल्या धाकट्या भाच्याच्या चेलोचा गळा आपल्याला कुठेही ओळखू येईल, असं त्या कानवाल्यांना सांगू लागल्या. मघाशी मांजर म्हणाल्या होत्या ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण कानवाल्यांनी बशी खाली ठेवली, हात झटकले, आणि धंद्याच्या आवाजात विचारलं, "ताई, यात व्हायोलिन होईल का? असंच? म्हणजे मग आम्हाला..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. चेलोची एक खुर्ची यंत्राने भरता येत असेल, तर व्हायोलिनच्या दोन कशाला हव्यात. ज्या साक्षीदाराला यांनी धाकटीची नाचक्की बघायला बोलावलं होतं, तो आता यांच्याच खुर्चीकडे बघत होता. यांचा चेहरा मला अजून आठवतो. इतक्या वर्षांत तो मी इतका उघडा कधी पाहिला नाही. मामंजी शेजारी पडलेल्या बोचा एक सुटलेला केस ओढत बसले. आत्याबाई गप्प झाल्या, म्हणजे प्रसंग किती बाका होता बघा.

धाकटीने यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कॅसेट कुणाच्या हातून गेली हे तिला त्या नजरेत कळलं असणार. एक्सचेंजमधली बाई ती. मी खाली बघितलं.

"नाही," ती कानवाल्यांना म्हणाली. "व्हायोलिन नाही जमत यात. प्रयत्न केला मी. चेलो जाड असतो, खपून जातो. व्हायोलिनला माणूसच लागतो."

"खात्री आहे?"

"हो. विचारा यांना."

भावजींनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. "नाही जमत," ते म्हणाले.

यांच्या छातीत अडकलेला श्वास मला चार हातांवरून ऐकू आला. आणि तो सुटतो न सुटतो तोच हे म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो. यंत्राला काय जमणार."

मी चहाचे कप गोळा करायला घेतले, कारण त्या क्षणी काहीतरी हातात असणं बरं होतं. टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढली. दुसऱ्या बाजूवर तो शब्द होता, शनिवारी वाचला होता तोच. 'दादा.' त्या यंत्राचं व्हायोलिन मी दोन महिने भिंतीतून ऐकत होते. वाक्य संपताना शेवटचा सूर कणभर चढा लावायची यांची सवय, ती ज्याला कळत नाही असा कान आमच्या घरात एकच होता, यांचा स्वतःचा. तिने तीसुद्धा उतरवून घेतली होती.

मंगळवारी चेलो वाजला. त्यानंतर भावजी आणि धाकटी त्या स्टुडिओत सोळा वर्षं जात राहिले, ते कानात सांगायचे आणि ती वाजवायची. प्लायवूडवाल्या मित्राला भावजींनी कागदावर तीच राळेची डबी ठेवून नकाराचं पत्र लिहिलं. भावजी गेले तेव्हा यंत्र कधीच बंद पडलं होतं, आणि धाकटीने ते दुरुस्त करून घेतलं नाही. ती हल्ली दूर तिच्या भाचीकडे असते. फोनवर मी "हॅलो" म्हटलं की विचारते, "ताई, पडून का बोलताय, बरं नाही का?" कॅसेटबद्दल तिने मला एकदाही विचारलं नाही.

मामंजी त्या रविवारनंतर तीन वर्षं जगले. शेवटच्या दिवसांत ते आल्यागेल्याला दहा कान सांगत. माझे दोन शेवटपर्यंत बाहेरच राहिले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आत्याबाई त्यांच्यानंतर वर्षभराने गेल्या. धाकटीला आपणच शिकवलं, हे तोवर त्यांचं पाठ झालं होतं. कानवाल्यांनी पाच वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून दुसरं यंत्र आणलं आणि व्हायोलिनच्या सगळ्या खुर्च्या एका दिवसात काढल्या. त्यात धाकटीचा हात नव्हता. तिने यांना पाच वर्षं मिळवून दिली होती, एवढंच.

आमचे हे मरेपर्यंत सांगत, की यंत्राला चेलो जमला पण आपल्या व्हायोलिनपुढे त्याने हात टेकले, धाकटीने चारचौघांत कबूल केलं. ऐकणारा मान डोलवी. मी चहा वाढे.

यंत्र बंद पडल्यापासून ती कॅसेट माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तिला ऐकेल असं यंत्र आता कुठे उरलं असेल असं वाटत नाही. वर्षातून एखाद्या दुपारी घरात कुणी नसलं की मी दुसरी बाजू लावते. लांब शिट्टी येते, मग किंचाळी, जवळजवळ तीन मिनिटं. मी पूर्ण ऐकते. शेवट आला की आवाज जरा कमी करते, यांना चढा लागायची सवय होती म्हणून.